सव्वा वार

देवळालीच्या छावणीतला आयरिश सार्जंट
बदली होऊन गेला तेव्हा
माझ्या बापाला एक ट्रंक देऊन गेला.
आत लोकरीचे मोजे, तुटकी जपमाळ,
आणि डब्लिनहून आलेली पेनीपेनीची पत्रकं,
सुतळीनं बांधलेली.

बाप, शांतवन त्रिभुवन,
नाशिक रोडच्या छापखान्यात
टपाल तिकिटांचे ताव मोजायचा.
रात्री कंदिलाशी डिक्शनरी घेऊन बसायचा.
'कम्युनिस्ट'ला शब्द सापडेना.
'साम्यवादी' म्हटलं तर गोड लागतं, म्हणाला,
साम्य तर मिस्सातही आहे.
शेवटी लिहिलं: लाल लोक.

मिस्सा झाला की सगळे गुडघ्यांवर,
रशियासाठी प्रार्थना.
रशिया कुठं आहे, कुणाला ठाऊक!
मला वाटायचं मनमाडच्या पलीकडं,
जिथं गाडी बदलावी लागते.

पवित्र हृदयाच्या संघात माणसं बारा.
रविवारी दुपारी बिडीच्या वखारींपुढं उभी राहून
पत्रकं वाटायची:
लाल लोक देव नेतील, देऊळ नेतील,
तुमची शेळीसुद्धा सरकारजमा होईल.
एक म्हातारी म्हणाली,
शेळी मागल्या आखाजीलाच मुकादमानं नेली,
त्यो कुठल्या लोकांतला?

सलोमी आत्या त्याच वखारीत.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटांना पानांचा हिरवट काळा रंग,
कुंकू नसलेलं कपाळ घामानं चकचकीत.
हजार वळल्या की मुकादम दोनशे छाट काढायचा.
छाटलेल्या फेकायचा नाही. विकायचा.

तिला वाचता येत नव्हतं.
भांडी पालथी घालताना म्हणाली,
तुझ्या बापाचं ते वाच गं.
तिसऱ्या पानावर होतं,
मजुराची मजुरी अडवून ठेवणं
हे स्वर्गापर्यंत ओरडत जाणारं पाप आहे.
'पुन्यांदा वाच.'
वाचलं.
'हे तिकडच्या गोऱ्यांनी लिवलं?'
शास्त्रातलं आहे आत्या.
'मग शांतवन हे मुकादमाला का देत न्हाई?'

आषाढात संप झाला.
त्यांचाही संघच. बिडी कामगार संघ.
झेंडा नव्हता कुणाकडं.
पेन्टेकॉस्टला फादरांचा लाल झगा आत्यानंच शिवला होता,
सव्वा वार उरलं होतं.

ट्रंकेतलं एक पान बापानं मराठीत आणलंच नव्हतं.
इनास मास्तरांनी ते इंग्रजीतून वाचून दाखवलं:
तिकडं प्रवचन ऐकून लोक बाहेर पडले,
गीतं म्हणत लाल लोकांच्या घरावर गेले,
काचा ठेवल्या नाहीत.
आपणही जाऊ, मास्तर म्हणाले.
बाप काही बोलला नाही. कंदील मात्र त्यानंच धरला.

वालदेवीच्या काठानं, चिखलातून,
मरियेचं गीत म्हणत बाराजण.
मी मागून. मला कुणी हाकललं नाही.
खोलीला काच नव्हतीच, बारदान होतं.
वर बांबूला तो तुकडा,
कडेला आत्याची आडवी टीप.
बापानं टीप ओळखली.
दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज बसला,
मग बाकीच्यांचा.

मास्तरांनी मारलेला एकच दगड पत्र्यावर वाजला.
आत पोर रडायला लागलं.
आत्या बाहेर आली, हात पदराला पुसत.
'का थांबलात रं? तिसरं कडवं मला येतं.'
आणि तिनं म्हटलं. एकटीनं, जरा बेसूर.

बाप लाल लोकांत गेला नाही.
मरेपर्यंत रशियासाठी गुडघे टेकत राहिला.
आत्याशी तीन महिने बोलला नाही, तेही खरं.
फक्त पुढं पत्रक देताना
तिसरं पान वर येईल असं दुमडून द्यायचा,
आणि मुकादमाच्या दारातही एक सरकवून यायचा.

छाट दोनशेवरून शंभरावर आली.
एवढंच. त्याहून जास्त काही झालं नाही.

आत्यानं झेंडा धुतला
तो देवळाच्या कपड्यांबरोबरच, एका घमेल्यात.
त्या वर्षी नाताळपर्यंत
वेदीवरची चादर गुलाबी होती.
फादरांनी विचारलं नाही.